तिसऱ्या गिअरवरचा हात

मोहाचा वास कसा असतो, हे मोह न पाहिलेल्या माणसाला सांगायला गेलो की मी दर वेळी तोंडघशी पडतो. कोणी म्हणतं पिकून फुटलेल्या पेरूसारखा, कोणी म्हणतं ओल्या पोत्यात विसरलेल्या गुळासारखा. मला विचाराल तर मोहाला गिअर ऑइलचा वास येतो. हे ऐकून आमच्या गोंडपिपरीचे लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर मला नवी नाही. एका लग्नात नवरा-नवरीचा फोटो काढताना माझ्या कॅमेऱ्याचं झाकण तसंच राहिलं होतं, तेव्हाही त्यांनी असंच बघितलं होतं.

पण यंदाही तेच झालं. फाल्गुन सरत आला, पळसाचा तांबडा गलका ओसरला आणि एका पहाटे खिडकीतून तो गोड, जड, थोडा आंबूस वास घरात शिरला. मी अंथरुणातच होतो. पूर्ण जागा व्हायच्या आधीच माझा हात पुढे गेला आणि हवेत काहीतरी धरून बसला. बायको म्हणाली, "काय धरून राह्यले?" मी म्हणालो, "तिसरा." तिनं कूस बदलली. आमच्या घरात याचा अर्थ कोणी विचारत नाही.

गाडी बाबांची. बाबांची तेव्हा धान भरडायची गिरणी होती. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदारानं विकायला काढलेली चौकोनी, हिरवट, पत्र्याच्या कोठीसारखी दिसणारी ती गाडी त्यांनी घेतली, तेव्हाच ती वयात आलेली होती. आमच्याकडे आल्यावर ती म्हातारी झाली, एवढंच. गाडीचं बाकी सगळं ठीक होतं, म्हणजे वाजायचं ते सगळं वाजायचं. खोट होती गिअरबॉक्सात. गिअरबॉक्स म्हणजे शेवटी दातेरी चाकांचा एक डबा. दात झिजले की एक चाक दुसऱ्याला धरून ठेवत नाही. गाडी तिसऱ्यात टाकून पाय जरा हलका केला की गिअरची काठी 'खट्' करून मधे येऊन उभी राहायची. इंजिन मोकळंच बोंबलायचं आणि गाडी पुढे जायचं विसरायची.

म्हणून आमच्या गाडीचा एक नियम होता. जो पुढे डावीकडे बसेल, त्यानं तिसरा धरायचा. पाहुणा असो, भटजी असो, नियम म्हणजे नियम. काठी पुढे दाबून धरायची, बाबा सांगेपर्यंत सोडायची नाही. एकदा प्रचाराला निघालेल्या एका उमेदवारानं आष्टीपर्यंत तिसरा धरला होता. तो निवडणूक हरला. बाबांचं म्हणणं, त्यानं मधे सोडला होता.

पुढे मी फोटो स्टुडिओ टाकला आणि लग्नसराईत ही गाडी वरातीलाही जायला लागली. पाठवणीच्या वेळी नवरी पुढे बसायची, कारण मागे तिच्या साडीला जागा पुरायची नाही. ती हमसून हमसून रडत असायची, मांडवाबाहेर तिची माय रडत असायची, आणि मी गाडी सुरू करून अगदी हळू आवाजात म्हणायचो, "ताई, तेवढा तिसरा धरजा." ती चक्रावून बघायची. मग मेंदीच्या हातानं काठी धरायची. गावाबाहेर पडेपर्यंत तिचं रडणं थांबलेलं असायचं, कारण काठी धरणं म्हणजे गंमत नव्हती, लक्ष द्यावं लागायचं. नवरदेव मागे बसून बघत राहायचा. संसारात पहिल्यांदा काय धरलं, असं त्या बायकांना विचारलं तर तालुक्यातल्या बऱ्याच जणी खरं उत्तर सांगायला लाजतील.

पण तिसरा खरा धरावा आमच्या आईनं. ती काठीकडे बघायची नाही. मांडीवर सुपात चारोळ्या निवडत असायची, रस्त्यावर कोणाचं धान रोवून झालं, कोणाचं राहिलं ते सांगत असायची. बाबांचा डावा पाय क्लचवर गेला की आईचा उजवा हात काठीवर. बाबा तोंडानं म्हणायचे, "धर वं," पण ते शब्द पोचायच्या आधी हात पोचलेला असायचा. दोघांचं भांडण असलं की आई तोंड खिडकीबाहेर करून बसायची, चामोर्शीपर्यंत एक शब्द बोलायची नाही. हात मात्र काठीवर. बाबाही त्या दिवशी "धर वं" म्हणायचे नाहीत. नुसता पाय दाबायचे.

या गिअरबॉक्सवर मी केलेले उपचार वेगळ्या पुस्तकाचा विषय आहेत, त्यातला एक सांगतो. एका बाजारच्या दिवशी खालून तेल गळताना दिसलं. गिअर ऑइलचं दुकान बंद. घरात टोरीच्या तेलाचा डबा भरलेला. टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्याकडे तिचं तेल भाजीला चालतं, अंगाला चालतं, आणि जुने लोक बैलगाडीच्या आसालाही लावत. मी विचार केला, आसाला चालतं तर गिअरनं काय पाप केलं? ओतलं. आणि सांगतो, गाडी लोण्यासारखी चालली. मी गावभर सांगत सुटलो की मोठमोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते आमच्या रानानं करून दाखवलं.

मग थंडी पडली. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे आमच्या घरातल्या मांजरीलाही ठाऊक होतं. सकाळी गाडी काढायला गेलो तर गिअरची काठी सिमेंटात रोवल्यासारखी उभी. आम्ही गाडीखाली गोवऱ्यांचा विस्तव करून गिअरबॉक्स शेकत बसलो. शेजारचे काका दात घासत आले, बघत राहिले आणि म्हणाले, "शिजली का जी?"

शेवटी युनूसभाईला बोलवावं लागलं. युनूसभाई म्हणजे बसस्टँडमागे ज्यांचं गॅरेज आहे ते. आवाज मोठा, मिशी मोठी, आणि स्वतःबद्दलचं मत त्याहून मोठं. ते गाडीखाली झोपले, खालचा बोल्ट ढिला केला, हातावर आलेला पिवळा गोळा नाकाशी नेला आणि तिथूनच ओरडले, "भाऊ! हे गिअर ऑइल हाये का भज्याचं तेल?"

"टोरीचं," मी म्हणालो.

"मंग बेसन काऊन नाई टाकलं?"

तेव्हापासून ती गाडी आणि तो वास माझ्या डोक्यात एक झाले. मोह टपकायला लागला की मला युनूसभाईचे गाडीखालून बाहेर आलेले पाय दिसतात.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, कारण तिसरा धरायला आई होती.

मागच्या वर्षी पौषात आईला लकवा मारला. सकाळी चहाची कपबशी उचलायला गेली, ती कपबशी उचललीच गेली नाही. चंद्रपूरला दवाखान्यात दिवस काढले. जीव वाचला, पाय सावकाश चालायला लागला, जीभ थोडी जड झाली होती, पण टोमणे मारण्याइतकी ती लवकरच सुटली. राहिला तो उजवा हात. तो खांद्याला टांगून ठेवलेल्या पिशवीसारखा लोंबायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी दाबायला एक पिवळा मऊ चेंडू दिला होता. आईनं तो शेजारच्या काकांच्या नातवाला देऊन टाकला. मी रागावलो तर म्हणाली, "मी काय लहान पोट्टी हाव का चेंडू खेळाले?"

मी दुसरा आणला. तो बकरीनं चावला. निदान आईनं तसं सांगितलं.

आईच्या माहेरी, चामोर्शीच्या अलीकडे, बांधावर मोहाचं एक झाड आहे. आजोबांनी वाटण्या करताना शेत मुलांना दिलं आणि ते एक झाड लेकीच्या नावानं ठेवलं. कागदावर नाही, तोंडानं. पण आमच्याकडे झाडाची वाटणी तोंडानं झाली तरी कोणी मोडत नाही. मोहाच्या दिवसांत आई दर वर्षी तिथे जायची. उजाडायच्या सुमाराला झाडाखाली वाकून एकेक फूल उचलायची. मोहाचं फूल ओढता येत नाही, ओरपता येत नाही. ते रसानं भरलेलं, मोत्यासारखं, दाबलं की चिरडतं. अंगठा आणि बोट यांच्यात हलकं धरूनच उचलावं लागतं. टोपली भरायला सकाळ जाते. आई परत यायची तेव्हा तिच्या बोटांना आठवडाभर तो वास असायचा, आणि तिच्या चेहऱ्यावर माहेर.

मामांचा फोन आला. "बाई, तुहं झाड टपकून राह्यलं. कवा येतं?"

आई म्हणाली, "वेच तूच. हात नाई तर झाड कशाले?"

तिनं हे रडून म्हटलं असतं तर आम्हाला काहीतरी सुचलं असतं. ती भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. बाबा ओट्यावर बसले होते. ते आत आले नाहीत. त्यांनी उगीचच जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून बराच वेळ उभे राहिले.

त्याच दिवसांत गिअरबॉक्सनंही मान टाकली. तिसरा आता धरूनही दात करकर वाजवायचा. युनूसभाईनं बॉक्स उतरवून उघडला. "याचे दात पडले, भाऊ. म्हाताऱ्याले चने खाऊ घालून राह्यले तुमी." तरी त्यांनी एक बेअरिंग बदललं, आतला एक वाकलेला काटा सरळ केला, सगळं पुन्हा बसवलं. बसवून झाल्यावर फडक्यावर एक गोल चकती उरली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. युनूसभाईनं ती उचलून शांतपणे खिशात टाकली. "कंपनी एखादी जास्तीची देतेच." त्यानंतर तिसरा पहिल्यासारखाच निसटायचा आणि दुसरा वरून कोल्ह्यासारखा रडायचा. मग मात्र त्यांनी कबूल केलं. हे दात आता बाजारात मिळत नाहीत. नागपूरच्या भंगार बाजारातून याच जातीचा दुसरा बॉक्स आणायचा, जुना पण धडधाकट, आणि हा काढून टाकायचा. मी म्हणालो, "आणा. आणि हे धूड माझ्या नजरेसमोरून घालवा." या वाक्यानं पुढे मला बरंच पळवलं.

बॉक्स यायचा होता, मोह मात्र थांबणारा नव्हता. झाडाची फुलं काही दिवसांचीच असतात. एका सकाळी बाबांनी आईची चप्पल तिच्यासमोर आणून ठेवली. "चाल. वेचू नको. पाहून येऊ." आई उठली. तिला पुढच्या सीटवर बसवलं, कारण मागे तिला चढता येईना. बाबा गाडी चालवणार. मग तिसरा कोण धरणार? मी. मागच्या सीटवरून, दोन सीटांच्या फटीतून अर्धा पुढे आलेला, बगळ्यानं मान काढावी तसा. आष्टीचा पूल येईपर्यंत माझ्या बरगड्यांनी माझ्याशी अबोला धरला होता.

झाडाखाली मामींनी जमीन लख्ख झाडून ठेवली होती. त्या मातीवर फुलं अशी पडली होती, जशी कोणी टोपलीभर मोती सांडून गावाला निघून गेलं. आई गाडीतून उतरली नाही. दार उघडं ठेवून बसून राहिली. वरून फूल पडलं की त्याचा 'टप्' असा अगदी बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकताना तिची मान किंचित हलायची. मामींनी ओंजळभर फुलं आणून तिच्या पदरात घातली. तिनं डाव्या हातानं पदराची मोट घट्ट धरली. "चला," म्हणाली.

परत येताना पुलाकडचा चढ लागला. लोहखनिजाचे ट्रक त्या रस्त्यानं रात्रंदिवस जातात, झाडांची पानंसुद्धा तांबडी झालीत. असाच एक भरलेला ट्रक आमच्या मागे लागला होता. बाबांनी तिसरा टाकला. मी मागून धरला. आणि त्याच वेळी माझं लक्ष आईकडे गेलं. खिडकीतून येणारं ऊन, पदरात फुलं, तिचा चेहरा. फोटोवाल्याची खोड मरेपर्यंत जात नाही. मी म्हटलं, एक काढू. मी तिसरा सोडला आणि कॅमेरा उचलला.

खट्.

इंजिन किंचाळलं. गाडी चढावर जड होऊन मागे यायला बघू लागली. मागून ट्रकचा भोंगा असा आला की माझ्या हातातून कॅमेरा निसटला. बाबा ओरडले, "धर वं!" त्यांनी ते मला म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून तेच निघालं.

आईच्या डाव्या हातात पदर होता. तो तिनं सोडला नाही. तिचा उजवा हात, तो पिशवीसारखा लोंबणारा हात, मांडीवरून उठला आणि काठीवर जाऊन पडला. बोटं वळली नव्हती. मनगटाच्या भारानं तिनं काठी पुढे लोटली, बाबांचा पाय क्लचवर होताच, आणि गिअर बसला. गाडी पुढे निघाली. ट्रकवाला शेजारून गेला, जाताना आमच्या घराण्याबद्दल काही बोलला. कोणी ऐकलं नाही.

पूल संपेपर्यंत ती काठीवरचा हात बघत होती. जसं दुसऱ्याचं कोणाचं तरी लेकरू येऊन मांडीवर बसावं.

"आई, हात!" मी मागून ओरडलो.

"दिसून राह्यलं मले," ती म्हणाली. "तू काऊन सोडला तिसरा?"

त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे आहे. कॅमेरा पडताना बटण दाबलं गेलं होतं. फोटोत ट्रकचं चाक आहे, तेही हललेलं.

घरी आलो तर युनूसभाईचा निरोप, नागपूरहून बॉक्स आला, गाडी आणा. माझं डोकं आता उलटं चालायला लागलं होतं. ज्या काठीनं हात उठला, तीच काढून टाकायची? मी बाबांना म्हणालो, "राहू द्या जुनाच. आईच्या हातासाठी."

बाबा बादलीत फडकं पिळून गाडीवरची तांबडी धूळ पुसत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुलावर मागून ट्रक आला, तवा मले मागचं दिसलं नाई. समोरचंबी नाई. मले फक्त तिचा हात दिसून राह्यला होता. असा मानूस गाडी चालवते का?" फडकं झटकलं. "बदलून टाक."

नवा बॉक्स बसला. पहिल्या दिवशी आम्ही गावातूनच एक फेरी मारली. बाबांनी तिसरा टाकला. आईनं डाव्या हातानं उजवा हात उचलून काठीवर ठेवला आणि वाट बघितली. काठी जागची हलली नाही. बँकेतल्या साहेबासारखी ताठ उभी. थोड्या वेळानं आई म्हणाली, "हा मेला ओढतच नाई." तिनं हात उचलून पदराखाली घेतला. त्यानंतर तो हात पदराबाहेर दिसेना. मी गाडीचं कौतुक करायचो, "आता कोणालाच धरावं लागत नाही, बघ." मूर्ख माणसाला आपण काय बोलतोय हे उशिरा कळतं. मला तर लोकांनी सांगितल्यावर कळतं.

मग एका दुपारी आई भिंतीकडून वळली आणि म्हणाली, "तो जुना डब्बा कुठी हाये?"

"कशाला?"

"इथी आन. तो ओढते."

मी युनूसभाईकडे धावलो. ते पान जमवत होते. "तुमीच म्हनले ना, नजरेसमोरून घालवा? सकाळी भंगारवाल्याले देऊन टाकला. आज चामोर्शीचा बाजार, तिथी गेला तो."

मी गाडीत उडी मारली. पूल, चढ, ट्रक, सगळं मागे टाकत चामोर्शी गाठली, आणि बाजाराच्या तोंडाशी ब्रेक मारल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी इथवर एकटा आलो होतो. तिसरा कोणीच धरला नव्हता. गाडी इतकी सुरेख चालली होती की मला तिचा रागच आला.

भंगारवाला वांग्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे टेम्पो लावून बसला होता. मी टिनाचे डबे, सायकलची चाकं, फुटके कूलर उपसले. सगळ्यात खाली आमचा बॉक्स, काठी वर करून. बुडालेल्या माणसानं हात वर करावा तसा. मी तो मिठीत घेतला. अजूनही टोरीचा वास येत होता. भंगारवाला बिडी ओढत म्हणाला, "भाऊ, चांगली वस्तू परत नेनारे पाह्यले. बिगडलेल्यासाठी धावत येनारा तूच पयला." शर्ट कायमचा काळा झाला. बायकोनं तो जपून ठेवलाय, पाहुण्यांना दाखवायला.

ओट्यावर सागवानी फळी होती. युनूसभाईनं तिच्यावर बॉक्स बोल्टांनी आवळला. आमच्या गाडीच्या जातीत काठी थेट बॉक्सच्या डोक्यावर उभी असते, त्यामुळे सगळं जसंच्या तसं. फक्त गाडीशिवाय काठी निसटणार कशी? युनूसभाईनं मिशी चोळली, गॅरेजमधून लुनाच्या स्टँडची स्प्रिंग आणली आणि काठीला अशी लावली की तिसऱ्यात टाकलं की ती मागे खेचायची. आधी स्प्रिंग उलटी लावली. काठी त्यांच्याच कपाळावर बसली. दुसऱ्यांदा बरोबर लागली. "घ्या बाई, निसटनारा तिसरा. गॅरंटी देतो, कदीच दुरुस्त होनार नाई."

तर मागच्या वर्षी अख्खा उन्हाळा आमची आई ओट्यावर बसून गिअर टाकत होती. पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा धरून ठेवायचा, स्प्रिंग ओढायची, ती धरायची. सुरुवातीला मनगटानं, मग तळव्यानं, मग एकेक बोट काठीभोवती वळायला लागलं. येणारे-जाणारे थांबायचे. "बाई, कुठी चालल्या?" आई म्हणायची, "माहेरी." बाजारच्या दिवशी म्हणायची, "गर्दी हाये, दुसऱ्यातच चालवून राह्यली." शेजारच्या काकांनी एकदा "आमाले भद्रावतीले सोडता का?" असं विचारलं, तर तिनं तिकीट मागितलं.

बाबा तिच्या उजव्या बाजूला पाटावर बसायचे, हातात पेपर धरून. या खेळाशी आपला काही संबंध नाही असा त्यांचा चेहरा. पण मी माझ्या खोलीतून बघायचो. आईनं काठी हलवली की पेपराखाली बाबांचा डावा पाय जमिनीवर दाबला जायचा. क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाही. ती काठी सोडेपर्यंत त्यांचा पाय वर यायचा नाही. याचा फोटो मी काढला नाही. काढायला गेलो असतो तर काहीतरी पाडलंच असतं.

मागच्या वर्षीचा मोह तसाच गेला. हात काठी धरायला शिकत होता, फूल धरायला नाही. काठी दाबावी लागते, फूल दाबून चालत नाही. मामांनी फुलं वेचून, वाळवून पाठवली. पुढे पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी आली. ओट्यावरच्या बॉक्समध्ये मी पुन्हा घातलेलं टोरीचं तेल थिजून काठी जड झाली, तेव्हा आईनं मला हाक मारून सांगितलं, "विस्तव आन. तुले येते ना शेकता." हे घर मला काही विसरू देत नाही.

आणि आता पुन्हा हा वास.

आज आम्ही आईच्या झाडाखाली आहोत. गाडी बांधापलीकडे उभी आहे, येताना कोणी काही धरलं नाही. मामींनी याही वर्षी जमीन झाडून ठेवली आहे. कोवळं ऊन आहे. वरून टप्, टप्. आई गाडीतून उतरली. माझा हात झटकून टाकला, झाडाखाली मांडी घालून बसली. टोपली डावीकडे ठेवली. डाव्या हातानं काही फुलं भराभरा उचलली आणि मग तो हात तिनं मुद्दाम मांडीखाली दाबून ठेवला.

उजवा हात पुढे गेला. पहिलं फूल चिरडलं. बोटांवर रस आला. आईनं बोटं लुगड्याला पुसली. दुसरंही चिरडलं. मामींनी तोंडाला पदर लावला. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, तो मी पाठीकडे सरकवला. बाबा आईच्या उजवीकडे उभे होते, दूर कुठेतरी शेतांकडे बघत.

तिसऱ्या फुलाशी बोटं थांबली. अंगठा आला. दोघांच्या मधे ते पिवळसर, पारदर्शक फूल, अगदी हलकं. हात उचलला गेला. टोपलीपर्यंतचं अंतर एवढं मोठं असतं, मला माहीत नव्हतं.

मी खाली बघितलं. मामींनी झाडून लख्ख केलेल्या त्या मातीत बाबांच्या डाव्या चपलेचा पुढचा भाग खोल रुतला होता. फूल टोपलीत पडलं, तेव्हा त्यांनी पाय सावकाश उचलला.